नाण्याची मूळ झळाळी कशी पारखावी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

एकाच सालाचे आणि एकाच टाकसाळीचे दोन रुपये शेजारी ठेवले, तरी त्यांच्या भावात कितीतरी पटींचा फरक का असतो, असे ग्राहक आम्हांला नेहमी विचारतात. १९१८ सालचा पंचम जॉर्जचा रुपया घ्या. मुंबई आणि कलकत्ता या दोन्ही टाकसाळींनी तो कोट्यवधींच्या संख्येने पाडला, त्यामुळे तो दुर्मिळ मुळीच नाही. हातोहात फिरून झिजलेल्या रुपयाला चांदीच्या भावाच्या आसपासच किंमत येते; टाकसाळीतून निघाला तसाच टिकलेल्या रुपयासाठी मात्र संग्राहक हात आखडता घेत नाहीत. हा सगळा फरक पृष्ठभागाचा आहे. चकचकीत नाणे आणि मूळ झळाळीचे नाणे या निरनिराळ्या गोष्टी असून, आमच्या अनुभवात पाहताक्षणी डोळे दिपवणारे जुने नाणे बहुधा घासलेलेच निघते.

नाणे पाडताना कोऱ्या चकतीवर दोन्ही बाजूंनी पोलादी ठसे प्रचंड दाबाने आदळतात. त्या दाबाखाली धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या, केंद्रापासून बाहेर पसरणाऱ्या अतिसूक्ष्म रेषा तयार होतात. प्रकाश या रेषांवरून परावर्तित होतो, म्हणून नाणे दिव्याखाली तिरपे धरून सावकाश फिरवले की उजेडाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे त्याच्यावरून फिरताना दिसतात. संग्राहक ज्याला ‘लस्टर’ म्हणतात ते हेच. ठसा नवा असताना नाणे काहीसे आरशासारखे निघते, आणि हजारो नाणी पाडून ठसा झिजू लागला की झळाळी रेशमी किंवा दवासारखी मऊ होते. दोन्ही प्रकार अस्सल आहेत. कोणता अधिक आवडावा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग आहे.

पारखण्यासाठी ट्यूबलाइट उपयोगी नाही, कारण तिचा पसरट उजेड दोष झाकतो. एकाच बिंदूतून प्रकाश देणारा टेबलावरचा दिवा आणि पाच ते दहा पट मोठे दाखवणारे भिंग एवढे पुरेसे आहे. नाणे नेहमी कडेने धरावे आणि खाली मऊ कापड अंथरावे. उजेडाचा पट्टा फिरताना कोठे तुटतो, ते पाहावे. पंचम जॉर्जच्या रुपयावर प्रथम गाल, भुवई, कानावरचे केस आणि मुकुटाच्या पट्टीवरील रत्ने झिजतात. राजाच्या वस्त्रावरील हत्तीही तपासावा. १९११ सालच्या रुपयावर तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाल्याने पुढच्या वर्षी त्याचे चित्र बदलावे लागले होते. व्हिक्टोरिया राणीच्या रुपयावर गाल, केस आणि खांद्यावरचे नक्षीकाम पाहावे. या उंचवट्यांवर पट्टा तुटून करडा, मंद डाग दिसला, तर नाणे वापरात आलेले आहे, मग अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत कितीही झळाळी शिल्लक असो.

येथे एक गल्लत वारंवार होते. कधी ठसा पुरेशा जोराने न बसल्याने केस किंवा हत्ती अस्पष्ट उमटतो आणि ग्राहक त्याला झीज समजतो. अशा ठिकाणी उजेडाचा पट्टा न तुटता सरळ पुढे जातो. झिजलेल्या जागी तो विझतो. त्याचप्रमाणे टाकसाळीत नाणी एकमेकांवर पडून उमटलेले बारीक टवके ही झीज नव्हे, जरी त्यांनी नाण्याची श्रेणी खाली येते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. आपल्याकडे लक्ष्मीपूजनाला आणि धनत्रयोदशीला देवघरातील चांदीचे रुपये बाहेर काढून चिंच, लिंबू, रांगोळी किंवा भांड्यांच्या पावडरीने लख्ख करण्याची प्रथा आहे. पूजेच्या नाण्यांच्या बाबतीत त्याला आमचा आक्षेप नाही. पण विक्रीसाठी आणायचे नाणे कृपया धुऊ वा घासू नये. घासल्याने त्या मूळ रेषा निघून जातात आणि त्यांच्या जागी एकाच दिशेचे बारीक ओरखडे येतात. असे नाणे फिरवले तर उजेड फिरत नाही, तो एकदमच चमकतो आणि एकदमच मावळतो. सराफाच्या बफवर (घोटण्याच्या फिरत्या चाकावर) किंवा तारेच्या ब्रशवर फिरवलेल्या नाण्यावर अक्षरांच्या कडेला धातू ढकलला गेल्याची बारीक उंच वळी भिंगातून दिसते. नुसत्या रसायनात बुडवलेल्या नाण्यावर ओरखडे नसतात, परंतु दर खेपेस पृष्ठभागाचा अंश विरघळत असल्याने ते पांढरे पण निर्जीव होते. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकी संस्था ७० गुणांच्या मोजपट्टीवर श्रेणी देतात व न वापरलेल्या नाण्याची श्रेणी ६० पासून पुढे असते. घासलेल्या नाण्याला मात्र बहुधा अंक न देता शेरा मारून परत पाठवतात. गळ्यात घालण्यासाठी कडी झाळून नंतर ती काढलेल्या नाण्यांचेही तसेच होते.

काळपटपणाला घाबरू नये. हवेतील गंधकामुळे चांदीवर पातळ थर चढतो आणि त्याच्या जाडीनुसार रंग फिकट सोनेरीवरून तांबूस, जांभळा आणि निळा होत जातो. रंगाखालून उजेडाचा पट्टा फिरत असेल, तर हा थर नाण्याचे भूषणच आहे. रंग मात्र ठिगळासारखे असतील आणि ओरखड्यांवरूनही तसेच पसरले असतील, तर ते मुद्दाम चढवलेले असण्याचा संशय घ्यावा.

प्रूफ नाणी, म्हणजे संग्राहकांसाठी खास पाडलेली नाणी, निराळ्या मापाने पाहावीत. चकती आणि ठसा दोन्ही घोटून, एकाहून अधिक वेळा दाब देऊन ती पाडली जातात. म्हणून मोकळा भाग आरशासारखा आणि चित्र बहुधा दुधाळ असते. पॉलिश केलेले साधे नाणे प्रूफ म्हणून विकणारे लोक आहेत. तेथे अक्षरांच्या कडा गोलसर झालेल्या आढळतात. ठसा घोटल्याच्या रेषा नाण्यावर किंचित उंच असतात आणि चित्राच्या काठाशी थांबतात. नंतरचे ओरखडे खोलगट असून चित्रावरूनही जातात. प्रूफच्या आरशाला बोट लावू नये, बोटाचा ठसा कायमचा राहतो.

तांब्याच्या नाण्यांत मूळ लालसर रंग कितपत उरला आहे याला महत्त्व असते, तर ॲल्युमिनियमच्या पैशांची झळाळी फार लवकर जाते. आपल्या नाशिक जिल्ह्यातील चांदवडच्या टाकसाळीचा चांदोरी रुपया किंवा मराठेशाहीतील तांब्याची शिवराई हाताने, घणाच्या घावाखाली पाडलेली आहे. तेथे झळाळीपेक्षा ठसा किती बसला आहे ते पाहावे. याच जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या क्षत्रप राजा नहपानाच्या नाण्यांपैकी बऱ्याच नाण्यांवर तर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारला आहे आणि दोन्ही ठशांचे अवशेष दिसणे हेच त्यांचे मोल.

साठवणुकीसाठी मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरू नयेत, कारण त्यांतील पीव्हीसी या प्लॅस्टिकमुळे कालांतराने नाण्यावर हिरवा चिकट थर येतो. वर्तमानपत्र, रबरबँड आणि साधा पुठ्ठा यांतील गंधकही घातक असतो. पावसाळ्यात नाशिकची हवा दमट राहते, तेव्हा डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवून ती वेळोवेळी बदलावी. हिरवा थर आलाच, तर तो शुद्ध ॲसिटोनने न चोळता काढता येतो. ॲसिटोन ज्वालाग्राही असल्याने ते गॅसपासून दूर, खिडक्या उघड्या ठेवून वापरावे, आणि नेलपॉलिश काढण्याचे सुगंधी द्रव त्याऐवजी वापरू नये, कारण त्यातील तेल नाण्यावर राहते.