फुलांच्या मातीतला कोळसा

बायोचार, म्हणजे मातीत मिसळण्यासाठी झाडपाल्यापासून केलेला कोळसा; त्याचा विषय निघाला की बहुतेक जण ॲमेझॉनच्या खोऱ्यापासून सुरुवात करतात. फूलशेतीपुरतं बोलायचं तर आधी म्युनिकला जायला हवं. तिथल्या वनस्पती उद्यानात एदुआर्द लुकास यांनी उष्णगृहातल्या एका वाफ्यात नेहमीच्या झाडाच्या सालीऐवजी कोळशाची पूड भरली आणि तिच्यात कुंड्या बसवल्या. कुंड्यांच्या तळाच्या भोकांतून मुळं बाहेर पडून कोळशात पसरली, थुनबर्जियाची वेल फुलांनी लगडली. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या १८४० मधल्या कृषिरसायनावरच्या गाजलेल्या ग्रंथात या प्रयोगांची नोंद आहे. ऑर्किड लावणारेही कुंडीत कोळशाचे खडे घालत आले आहेत, मुळांशी हवा खेळावी म्हणून. जपानात भाताच्या तुसाचा कोळसा मातीत मिसळण्याची रीत जुनी. पुढे तिथल्या सरकारने कोळशाला भूसुधारक म्हणून मान्यताही दिली.

जगाचं लक्ष वेधलं ते मात्र ॲमेझॉनच्या काळ्या मातीने. डच मृदाशास्त्रज्ञ विम सोम्ब्रुक यांनी १९६६ मध्ये तिच्यावर सविस्तर लिहिलं. पुढे ग्लेझर, लेहमन या मृदाशास्त्रज्ञांच्या संशोधनातून तिच्यातल्या कोळशाचं महत्त्व स्पष्ट झालं. एक गोष्ट सांगताना हमखास गळते: त्या मातीत नुसता कोळसा नव्हता. हाडं, माशांचे अवशेष, राख, खापरं, वस्तीतला सगळा केरकचरा शतकानुशतकं मुरला होता. शिवाय आजूबाजूची मूळ जमीन आम्लधर्मी आणि निचरून कस गेलेली, त्यामुळे फरक डोळ्यात भरणाराच होता.

म्हणून तोच अनुभव कुठल्याही वाफ्यात येईल असं नाही. लाकडाच्या बायोचारचा सामू (पीएच) बहुधा ७ च्या वर असतो. आधीच चुनखडीच्या जमिनीत तो ढिगाने ओतला तर लोह झाडाला मिळेनासं होतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात; शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हायड्रेंजियाचं निळं फूल सामू वाढला की गुलाबी होतं, कारण निळ्या रंगाला लागणारं ॲल्युमिनियम मुळांना उचलता येत नाही. कोराच कोळसा घातला तर सुरुवातीला तो नत्रही अडवून धरू शकतो; कंपोस्टमध्ये आधी मुरवण्याची पद्धत त्यातूनच रुजली.

अलीकडे कुंडीतल्या फुलांसाठी बायोचारला मागणी आहे ती पीटमुळे. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजून साठलेल्या वनस्पती; कुंडीच्या मिश्रणात ते वापरतात. पीट काढायचं म्हणजे हजारो वर्षांत साठलेली दलदल खणायची. कुंडीतल्या पीटचा काही भाग बायोचारने भरून काढता येतो. पीट आम्लधर्मी, त्यात एरवी चुना घालावाच लागतो. बायोचारचा जो अल्कधर्म चुनखडीच्या शेतात नडतो, तोच इथे चुन्याची मात्रा कमी करतो.