सेप्टिमियस नेमका कोणाचा माणूस? 'ओरिजिन्स'मधल्या रोमन खलनायकामागचा इतिहास

२०१७च्या ऑक्टोबरमध्ये आलेला, क्लिओपात्राच्या काळातल्या इजिप्तमध्ये घडणारा 'असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स' हा व्हिडिओ गेम ज्यांनी खेळला आहे, त्यांना ल्युसियस सेप्टिमियसची वेगळी ओळख करून द्यायला नको. 'कोल्हा' या टोपणनावाने वावरणारा, इजिप्तमधल्या गॅबिनियानी सैनिकांचा म्होरक्या, रोमन सेनानी पॉम्पीचा मारेकरी आणि शेवटी पॉम्पीचा प्रतिस्पर्धी सीझर याच्या पंखाखाली शिरलेला. गेमबद्दल बोलताना त्याला सर्रास 'रोमन जनरल' म्हटलं जातं. उपलब्ध साधनांत तो जनरल कुठेही दिसत नाही, आणि सीझरचा माणूस तर मुळीच दिसत नाही. तरीही हा खलनायक हवेतून काढलेला नाही. तो उभा आहे इतिहासातल्या एका खऱ्या खुनावर आणि त्यानंतरच्या एका खऱ्या शांततेवर. ती शांतता निर्मात्यांनी ज्या पद्धतीने भरून काढली, त्यावरच खरा वाद आहे.

रोम आणि टॉलेमी घराण्याचे संबंध त्याआधी दोनशेहून अधिक वर्षं होतेच. आपल्या गोष्टीपुरती सुरुवात इ.स.पू. ५९ पासून धरली तरी चालेल. क्लिओपात्राच्या वडिलांनी, म्हणजे बाराव्या टॉलेमीने, त्या वर्षी रोमकडून 'मित्र आणि सहयोगी' अशी मान्यता मिळवली. बदल्यात ६,००० टॅलेंट (चांदी मोजायचं मोठं परिमाण) कबूल केले. सीझर त्या वर्षी कॉन्सल, म्हणजे रोमच्या दोन सर्वोच्च अधिकाऱ्यांपैकी एक होता. एवढा पैसा राजाकडे नव्हता, म्हणून रोमन सावकारांकडून उचल झाली. पुढच्याच वर्षी रोमने सायप्रस घशात घातलं. तिथे राज्य करत होता या टॉलेमीचा भाऊ, पण टॉलेमीने ब्रही काढला नाही. अलेक्झांड्रिया पेटलं आणि राजाला देश सोडून रोम गाठावं लागलं.

त्याला परत गादीवर कोणी बसवायचं, यावर रोममध्ये सगळ्यांचीच लाळ गळत होती. तेवढ्यात सिबिलच्या ग्रंथांत, म्हणजे रोमच्या भविष्यवाण्यांच्या पोथ्यांत, एक वचन सापडल्याचं जाहीर झालं: इजिप्तच्या राजाला मैत्री नाकारू नका, पण मोठं सैन्य देऊन मदतही करू नका. मोहीम त्यामुळे अडली. तरीही इ.स.पू. ५५ मध्ये सीरियाचा राज्यपाल ऑलस गॅबिनियस स्वतःचा प्रांत सोडून सैन्यासह इजिप्तमध्ये घुसला. सिनेटची परवानगी नव्हती, राजाने देऊ केलेले १०,००० टॅलेंट मात्र होते. घोडदळाचा प्रमुख होता तरुण मार्क अँटनी. गॅबिनियस हा पॉम्पीच्या गोटातला. इ.स.पू. ६७ मध्ये समुद्री चाच्यांविरुद्धच्या युद्धाचे अफाट अधिकार पॉम्पीला मिळाले, ते यानेच आणलेल्या कायद्यामुळे. इजिप्तहून परतल्यावर गॅबिनियसवर खटले झाले. राजद्रोहाच्या आरोपातून तो सुटला, पण खंडणीच्या खटल्यात दोषी ठरून हद्दपार झाला. राजाच्या रक्षणासाठी त्याने मागे ठेवलेले सैनिक मात्र अलेक्झांड्रियातच राहिले. हेच गॅबिनियानी.

गॅबिनियानी म्हणजे कोण, याचं उत्तर चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. गेममध्ये ते रोमन चिलखतातले परके सैनिक म्हणून समोर येतात आणि खेळणारा साहजिकच 'रोमचं सैन्य' असा हिशेब धरतो. साधनं वेगळं सांगतात. ते कुठल्याही चालू लीजनचा, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणीचा, भाग नव्हते. पगार राजा देत होता. त्यांना तिथे ठेवणारा माणूस स्वतःच बेकायदा आलेला होता. त्यांच्यातले सगळे जन्माने रोमन होते, असंही नाही. इ.स.पू. ४९-४८ मध्ये पॉम्पीच्या मुलाने त्यांच्यातले ५०० स्वार युद्धासाठी नेले. सीझर लिहितो की हे स्वार गॉल आणि जर्मन होते. उरलेल्यांबद्दलचं त्याचं वर्णन तर वाचण्यासारखं आहे: अलेक्झांड्रियाच्या मोकाट जगण्याला ते सरावले होते, रोमन लोकांचं नाव आणि शिस्त विसरले होते, त्यांनी तिथेच लग्नं केली होती आणि बहुतेकांना मुलंबाळंही झाली होती. त्यांच्या जोडीला सीरिया आणि किलिकियातले दरोडेखोर आणि मालकांकडून पळालेले गुलाम. हे लिहिणारा त्यांच्याविरुद्ध लढलेला आहे, त्यामुळे त्यात राग असणार हे धरूनच चालायचं. पण याचा दुसरा पुरावाही आहे. इ.स.पू. ५० मध्ये सीरियाचा तेव्हाचा राज्यपाल बिबुलस याने पूर्वेकडच्या पार्थियनांशी लढायला या सैनिकांना परत बोलावलं आणि निरोप घेऊन आपल्या दोन मुलांना पाठवलं. गॅबिनियानींनी दोघांनाही ठार केलं. क्लिओपात्राने मारेकऱ्यांना बेड्या घालून बिबुलसकडे पाठवून दिलं. त्याने त्यांना परत पाठवलं, शिक्षा देण्याचा अधिकार आपला नाही, सिनेटचा आहे असं सांगून. पोटची दोन मुलं मेलेला बाप हे सांगतो आहे, हे ध्यानात घ्यायला हवं. रोमच्या राज्यपालाच्या मुलांना मारणारं सैन्य रोमचं कसं म्हणायचं? माझ्या मते ते तोवर टॉलेमींचंच सैन्य झालं होतं, फक्त लॅटिन बोलणारं.

सेप्टिमियस याच सैन्यातला. त्याच्याबद्दल आपल्याकडे चार-पाच ओळींपेक्षा जास्त काही नाही, आणि त्याही एकमेकींशी जुळत नाहीत. सीझरच्या वृत्तांतात तो लष्करी ट्रिब्यून (लीजनमधला अधिकारी) आहे आणि चाच्यांच्या युद्धात त्याने पॉम्पीच्या हाताखाली शंभरेक सैनिकांच्या तुकडीचं नेतृत्व केलेलं आहे, म्हणजे तेव्हा सेंच्युरियन. एक ग्रीक चरित्रकार त्याला पॉम्पीच्याच सैन्यातला जुना ट्रिब्यून म्हणतो. दुसरा ग्रीक इतिहासकार तर त्याचं नावच सेम्प्रोनियस देतो. कुठलंही साधन घेतलं तरी हा मधल्या फळीतला अधिकारी. इजिप्तच्या राजाचं सैन्य ज्याच्या हाती होतं तो अकिल्लास. सेप्टिमियसला गॅबिनियानींचा सर्वेसर्वा केलं ते गेमने.

सीझरविरुद्धच्या यादवी युद्धात फार्सॅलसला ९ ऑगस्ट इ.स.पू. ४८ रोजी हरल्यावर पॉम्पी लेस्बॉसहून बायकोला आणि धाकट्या मुलाला घेऊन सायप्रसमार्गे इजिप्तच्या किनाऱ्यावर पेलुसियमला आला. बाल राजा तेरावा टॉलेमी तिथेच बहीण क्लिओपात्राविरुद्ध सैन्य घेऊन तळ ठोकून होता. काय करायचं यावर मसलत झाली. तिचा निकाल फिरवला थिओडोटस नावाच्या वक्तृत्वाच्या शिक्षकाने. आसरा दिला तर सीझर शत्रू होईल, हाकलून दिलं तर पॉम्पी डूख धरेल, तेव्हा मारून टाकणंच बरं. मेलेला माणूस चावत नाही, असा त्याचा युक्तिवाद. कामगिरी अकिल्लासकडे गेली. त्याने सोबत सेप्टिमियसला आणि साल्वियस नावाच्या सेंच्युरियनला घेतलं.

मासेमारीची साधी होडी जहाजाजवळ आली. सेप्टिमियसने उभं राहून पॉम्पीला लॅटिनमध्ये 'इम्पेरातोर', म्हणजे सेनापती, अशी हाक दिली. अकिल्लासने ग्रीकमध्ये सांगितलं की किनारा उथळ आहे, मोठं जहाज इथवर येणार नाही. पॉम्पी होडीत उतरला. किनाऱ्यापर्यंतच्या वाटेत कोणीच बोलेना, तेव्हा त्याने सेप्टिमियसकडे पाहून विचारलं, आपण पूर्वी बरोबर होतो ना? सेप्टिमियसने नुसती मान हलवली. मग पॉम्पीने राजापुढे करायचं ग्रीक भाषण एका छोट्या गुंडाळीवर लिहून आणलं होतं, ते वाचायला घेतलं. काठ आल्यावर फिलिप या मुक्त गुलामाचा हात धरून तो उठत होता, तेवढ्यात पाठीमागून पहिला वार सेप्टिमियसने केला. मग साल्वियस, मग अकिल्लास. तारीख २८ सप्टेंबर. दुसऱ्या दिवशी पॉम्पीला ५८ वर्षं पूर्ण झाली असती. त्याची बायको हे सगळं जहाजावरून पाहत होती. मुंडकं कापून नेलं. धड किनाऱ्यावर पडलं, ते फिलिपने एका जुन्या होडीची लाकडं गोळा करून जाळलं.

या खुनातल्या प्रत्येकाचं पुढे काय झालं ते माहीत आहे, एक सेप्टिमियस आणि त्याचा जोडीदार साल्वियस सोडून. राजवाड्याची सूत्रं हलवणारा पोथिनस सीझरच्या हुकमाने मारला गेला. अकिल्लासला क्लिओपात्राच्या धाकट्या बहिणीच्या, आर्सिनोईच्या गोटानेच संपवलं. तेरावा टॉलेमी इ.स.पू. ४७ मध्ये हरून पळताना नाईलमध्ये बुडाला. थिओडोटस पळाला, काही वर्षं आशिया मायनरमध्ये भटकला आणि सीझरच्या खुनानंतर त्याच्या मारेकऱ्यांच्या हाती लागून मेला. सेप्टिमियस त्या होडीनंतर कुठेच नाही. युद्धात मेला, पळून गेला की बायकामुलांत म्हातारा झाला, कशाचाच माग नाही.

ही रिकामी जागा पहिल्यांदा गेमनेच हेरली असं नाही. नीरोच्या काळातल्या एका लॅटिन महाकाव्यात मुंडकं कापण्याचं कामही सेप्टिमियसच्याच माथी मारलं आहे, आणि राजाच्या हाताखालच्या या रोमनाला कवीने मनापासून शिव्याशाप दिले आहेत. सतराव्या शतकातल्या एका इंग्रजी नाटकाच्या शीर्षकातला 'खोटा माणूस' म्हणजे हाच. हुकूम देणाऱ्यांपेक्षा ओळखीच्या हाताने केलेला दगा लोकांच्या मनात जास्त रुततो. गेमचा सेप्टिमियस याच परंपरेतला आहे आणि इथवर माझी काही तक्रार नाही.

तक्रार पुढच्या निर्णयाबद्दल आहे. गेममध्ये नाईलच्या लढाईनंतर गेमचा नायक बायेक सेप्टिमियसला संपवणार, इतक्यात सीझर मध्ये पडतो, त्याला वाचवतो आणि आपल्या सोबत ठेवतो. तिथून तो रोमला पोचतो आणि सीझरच्या खुनाच्या दिवशी बायेकची बायको आया हिच्या हातून मरतो. कथेची गरज समजते. पॉम्पीच्या खुनापासून पॉम्पीच्याच पुतळ्याखाली झालेल्या सीझरच्या खुनापर्यंत एक धागा हवा होता, आणि तो एका चेहऱ्याने जोडला. पण त्यासाठी जे उलटं केलं ते छोटं नाही. सीझरने पॉम्पीच्या मारेकऱ्यांपैकी दोघांची नावं हुद्द्यांसह स्वतः लिहून ठेवली आहेत, अकिल्लासचं आणि सेप्टिमियसचं. शत्रूंना माफ करण्यासाठी तो प्रसिद्ध होता हे खरं, पण ती माफी होती पॉम्पीच्या बाजूने लढलेल्या रोमनांना. पॉम्पीला मारणाऱ्यांना जवळ करणं म्हणजे ज्या बदनामीपासून तो अंग झटकत होता, तीच ओढवून घेणं.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. थिओडोटसने मुंडकं पुढे केलं तेव्हा सीझरने तोंड फिरवलं, आणि तलवार धरलेल्या सिंहाची मुद्रा असलेली पॉम्पीची अंगठी हातात घेऊन तो रडला, असं ग्रीक चरित्रकार सांगतो. त्या रडण्यावर प्राचीन काळीच सगळ्यांचा विश्वास नव्हता. वर उल्लेखलेल्या महाकाव्यात ते ढोंग ठरवलं आहे आणि नंतरच्या एका इतिहासकारानेही तसंच लिहिलं आहे. गेमच्या लेखकांनी ही जुनी शंका उचलून तिला रक्तमांस दिलं, असं म्हणता येतं. तरीही सीझरचं रडणं खोटं मानणं वेगळं आणि मारेकऱ्याला त्याचा उजवा हात करणं वेगळं.

गेममधला दुसरा रोमन खलनायक, 'सिंह' म्हणवणारा फ्लेवियस मेटेलस, हा तर पूर्ण काल्पनिक. इजिप्तच्या पश्चिमेकडच्या सायरीनवर रोमन अंमल दाखवला आहे तो बरोबर आहे, इ.स.पू. ७४ पासून तो रोमचा प्रांत होता. नाव मात्र खटकतं. मेटेलस ही कायसिलियस कुळाची शाखा. सीझरला रोमची तिजोरी उघडू न देणारा जनतेचा ट्रिब्यून (लोकांचा निवडलेला प्रतिनिधी) मेटेलस होता आणि थॅप्ससच्या लढाईत सीझरविरुद्ध उतरलेला पॉम्पीचा सासराही मेटेलस. सीझरच्या विश्वासू सेनानीला हे नाव देताना कोणी फार विचार केलेला दिसत नाही.

आणि मग रुफियो. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या 'द हिडन वन्स' या डीएलसीचा, म्हणजे गेमच्या जोडभागाचा, हा खलनायक, आणि तिघांतला खरोखरच सेनापती म्हणावा असा हाच. सीझरने इ.स.पू. ४७ मध्ये अलेक्झांड्रियात तीन लीजन ठेवल्या आणि त्यांच्यावर रुफियो नावाच्या, आपल्याच मुक्त गुलामाच्या मुलाला नेमलं. एका रोमन चरित्रकाराने हे सीझरच्या उर्मटपणाच्या यादीत टाकलं आहे. पण तोच चरित्रकार दुसरीकडे सांगतो की इजिप्तचा प्रांत न करण्यामागे सीझरचं कारण होतं: एखादा आडदांड राज्यपाल त्या संपत्तीच्या जोरावर बंड करेल. सिनेटर नको, घरचा माणूस बरा, ही नेमणूक त्याच भीतीतून आली असावी. गेमने त्याचं पूर्ण नाव गायस ज्युलियस रुफियो केलं. मुक्त झालेला गुलाम मालकाचं नाव घेई, म्हणून हा अंदाज पटतो. काळ पटत नाही. डीएलसी घडतो इ.स.पू. ३८ मध्ये, सिनाईत. इजिप्तमधल्या, तोवर चार झालेल्या लीजन इ.स.पू. ४३ मध्येच सीरियात नेल्या गेल्या आणि तिथे सीझरच्या मारेकऱ्यांपैकी कॅसियसच्या हाती पडल्या. ३८ साली देश क्लिओपात्राचा होता आणि इजिप्त रोमचा प्रांत व्हायला अजून आठ वर्षं होती.

सीझरची भीती खरी ठरवणारा माणूस इजिप्तला मिळाला तो प्रांत झाल्यावर. पहिला राज्यपाल कॉर्नेलियस गॅलस हा उत्तम सैनिक आणि कवी. त्याने जागोजाग स्वतःचे पुतळे उभारले आणि पिरॅमिडांवर आपले पराक्रम कोरले, असं इतिहासकार सांगतात. फिले बेटावरचा इ.स.पू. २९ चा त्याचा तीन भाषांतला शिलालेख तर आजही उपलब्ध आहे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याची मर्जी उतरली, रोममध्ये आरोपांची रांग लागली आणि इ.स.पू. २७-२६च्या सुमारास त्याने आत्महत्या केली. इजिप्तचा कारभार ऑगस्टसने पहिल्यापासूनच सिनेटरांच्या हाती दिला नव्हता. त्याच्या परवानगीशिवाय एकाही सिनेटरला त्या देशात पाऊलसुद्धा टाकता येत नव्हतं.