धरण, बर्फ आणि 49 माणसं : जपानच्या तादामी रेल्वेची पार्श्वभूमी

1 ऑक्टोबर 2022 रोजी जपानच्या फुकुशिमा प्रांतात आयझु-कावागुची ते तादामी या दोन स्टेशनांच्या दरम्यान अकरा वर्षांनी पुन्हा गाडी धावली. अंतर 27.6 किलोमीटर, दिवसाला जाऊन-येऊन तीन फेऱ्या, आणि दुरुस्तीचा खर्च सुमारे 9 अब्ज येन. पुराने रूळ वाहून जाण्याच्या आदल्या वर्षी, 2010 साली, या तुकड्यावरच्या प्रवाशांचा हिशेब मांडला होता. तो दिवसाला सरासरी 49 भरला. म्हणजे या 27.6 किलोमीटरपैकी एखाद्या जागी दिवसभर उभं राहिलं, तर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या गाड्यांत मिळून सरासरी पन्नास माणसंही दिसली नसती.

एवढ्या प्रवाशांसाठी एवढा पैसा का ओतला, हा प्रश्न जपानमध्येही पुष्कळांनी विचारला. त्याचं उत्तर 2011 च्या पुरात शोधून सापडत नाही, त्यासाठी बरंच मागे जावं लागतं. कारण ही रेल्वे प्रवाशांच्या जिवावर कधी चाललीच नव्हती. ती बांधायला आणि जगवायला दर वेळी काहीतरी दुसरंच कारण मिळत गेलं.

तादामी मार्ग एकूण 135.2 किलोमीटरचा. एक टोक आयझु-वाकामात्सु या जुन्या किल्ल्याच्या शहरात, दुसरं डोंगरापलीकडे निगाता प्रांतातल्या कोइदे इथे, म्हणजे जपानी माणूस ज्या तांदळाचं नाव आदराने घेतो त्या उओनुमा भागात. मधला बहुतेक रस्ता तादामी नदीच्या काठाने जातो. ही नदी ओझेच्या पाणथळीकडून निघते आणि पुढे आगानो नदीला मिळते. दरी अरुंद, उतार मोठा, आणि हिवाळ्यात जपानच्या समुद्राकडून येणारे ढग इथे माणूसभर उंचीचा बर्फ टाकून जातात.

सरकारने 1922 साली रेल्वेबांधणीचा सुधारित कायदा केला आणि त्याला भावी मार्गांची एक लांबलचक यादी जोडली. यानाइझुहून तादामीमार्गे कोइदेपर्यंतचा मार्ग त्या यादीत होता. यादीत नाव असलं की रूळ पडतातच असं नाही, हे आपल्याला सांगायला नको. पूर्वेकडून काम मात्र सरकत राहिलं. 1926 मध्ये गाडी आयझु-बांगेपर्यंत पोचली, 1928 मध्ये आयझु-यानाइझुपर्यंत आणि 1941 मध्ये आयझु-मियाशितापर्यंत. पश्चिमेकडून ऐन युद्धात, 1942 साली, कोइदे ते ओशिराकावा हा 26 किलोमीटरचा तुकडा सुरू झाला आणि डोंगराच्या पायथ्याशी येऊन थांबला. दोन्ही टोकं अशी एकमेकांकडे बघत राहिली. मधल्या डोंगरातल्या खिंडीचं नाव रोकुजुरीगोए, म्हणजे 'साठ रीची खिंड'. री हे जुनं जपानी अंतर, साधारण चार किलोमीटरचं. खरं अंतर सहाच री, पण चढ असा की साठ वाटावेत, म्हणून हे नाव पडलं असं तिथले लोक सांगतात.

युद्धानंतर जपानला विजेची भूक लागली. तादामीचं जोरदार, उतारावरून धावणारं पाणी सगळ्यांच्या डोळ्यांत भरलं. फुकुशिमाचं म्हणणं होतं की नदी आहे तशीच ठेवून तिच्यावर एकाखाली एक धरणं बांधावीत. निगाताला ते पाणी बोगद्यातून आपल्या बाजूला वळवून हवं होतं. दोन प्रांतांतलं हे भांडण काही वर्षं चाललं, अमेरिकी सल्लागारांना बोलावून पाहणी करून घ्यावी लागली, आणि 1953 मध्ये मुख्यतः फुकुशिमाच्या बाजूने निकाल लागला. त्याआधी 1952 साली देन्गेन काइहात्सु ही वीजनिर्मितीची सरकारी कंपनी स्थापन झाली होती. तिने तादामी गावाच्या वरच्या अंगाला तागोकुरा धरण हाती घेतलं. 145 मीटर उंचीचा काँक्रीटचा बांध उभा करायचा होता.

इथे रेल्वेचं नशीब फिरलं. एवढं सिमेंट आणि एवढी यंत्रं त्या दरीत न्यायची कशी? सरकारी रेल्वे 1956 मध्ये आयझु-कावागुचीला पोचली होती. तिथून पुढचे रूळ कंपनीने स्वतःच्या खर्चाने टाकले. 1957 पासून त्या रुळांवरून धरणाचं सामान जाऊ लागलं. आयझु-कावागुची ते तादामी हा तुकडा, म्हणजे 2022 मध्ये ज्याचं एवढं कौतुक झालं तोच, मुळात बांधकामाची मालगाडी नेण्यासाठी जन्माला आला होता. धरण झालं आणि मालगाडीचं काम संपलं. 1963 मध्ये राष्ट्रीय रेल्वेने तो ताब्यात घेऊन प्रवाशांसाठी खुला केला.

तागोकुरा नावाचं पन्नास घरांचं गाव मात्र पाण्याखाली गेलं. मोबदल्यावरून बराच काळ कडवा वाद झाला. पुढे रेल्वे त्या सरोवराच्या काठाने गेली तेव्हा तिथल्या एका स्टेशनाला बुडालेल्या गावाचं नाव दिलं. बर्फापासून बचाव करणाऱ्या छपराखालचं हे तागोकुरा स्टेशन, आसपास एकही घर नाही. उतरणारे बहुतेक आसाकुसा डोंगरावर चढाईला जाणारे. 2013 मध्ये तेही बंद झालं. मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जास्त चटका लावणारी गोष्ट हीच वाटते. आधी गाव गेलं आणि मग त्याचं नाव लावणारी पाटीही गेली.

तादामी ते ओशिराकावा हा मधला 20.8 किलोमीटरचा दुवा जोडायला 1971 उजाडलं. त्यासाठी 6,359 मीटरचा रोकुजुरीगोए बोगदा खणावा लागला. कोइदे हे ज्या मतदारसंघात येतं तो काकुएई तानाकांचा, म्हणजे पुढच्याच वर्षी पंतप्रधान झालेल्या आणि आपल्या भागात रस्ते-रेल्वे आणण्यासाठी प्रसिद्ध असलेल्या नेत्याचा. तेवढ्यावरून सगळं श्रेय त्यांच्या खात्यावर टाकणं बरोबर नाही, पण तो काळ कोणता होता हे ध्यानात यावं. 29 ऑगस्ट 1971 रोजी दोन्ही टोकं जोडली गेली आणि पूर्ण मार्गाला तादामी हे एकच नाव मिळालं. तोवर पूर्वेकडच्या बाजूला आयझु मार्ग म्हणत.

वाफेची सी-11 इंजिनं इथे 1974 पर्यंत होती. नंतर डिझेलच्या डब्यांचं राज्य आलं. बरीच वर्षं इथली ओळख म्हणजे हिरव्या पट्ट्याचा पांढरा 'किहा 40'. यातलं 'कि' हे डिझेल डब्याच्या जपानी शब्दाचं आद्याक्षर. 'हा' हे त्यांच्या जुन्या इ-रो-हा मुळाक्षरांतलं तिसरं अक्षर, म्हणजे मुळात तिसरा वर्ग. आपण अ-ब-क लावावं तसंच. आयझुच्या बाजूचे हे डबे मार्च 2020 मध्ये निवृत्त झाले आणि निगाताहून आणलेले 'किहा ई 120' आले.

धरण संपलं, आता दुसरं कारण हवं होतं. ते बर्फाने पुरवलं. राष्ट्रीय रेल्वे कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. 1980 च्या कायद्याने तोट्यातले मार्ग वेचून बंद करायचं ठरलं आणि 83 मार्गांवर फुली पडली. प्रवाशांच्या आकड्यावर गेलं असतं तर तादामीचा नंबर नक्की लागला असता. पण कायद्यात एक सवलत होती. ज्या मार्गाला समांतर रस्ता बर्फामुळे वर्षाकाठी सरासरी दहा दिवसांपेक्षा जास्त बंद राहतो, तो वगळायचा. खिंडीतून जाणारा 252 क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग दहा दिवस सोडाच, हिवाळा लागला की वसंत सरेपर्यंत बंदच असतो. रेल्वे वाचली. 1987 मध्ये राष्ट्रीय रेल्वेचं खासगीकरण झालं तेव्हा ती जेआर पूर्व कंपनीच्या पदरात पडली. गंमत अशी की बर्फ फारच पडला तर हीच गाडी डोंगरातल्या टप्प्यात रद्द होते.

मग 2011 आलं. मार्चमधला भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीचा अपघात यातून फुकुशिमा सावरलंही नव्हतं, तोच जुलैच्या अखेरीस निगाता-फुकुशिमा सीमेवर पाऊस कोसळला. तादामीत त्या काही दिवसांत 700 मिलिमीटरहून अधिक पाणी पडलं. नदीवरचे रेल्वेपूल क्रमांकाने ओळखले जातात. त्यातल्या पाचव्या, सहाव्या आणि सातव्या पुलांचे भाग वाहून गेले. बाकीचा मार्ग हळूहळू सुरू झाला, मधला तुकडा तसाच राहिला आणि त्याच्या जागी बस धावू लागली. कंपनीचं म्हणणं होतं की बसच पुरे. 49 चा आकडा समोर असताना त्यात चूक काढणं अवघड होतं.

प्रांत आणि आयझुतली गावं मात्र अडून बसली. 2017 मध्ये करार झाला तो 'जोगे बुन्री' या पद्धतीचा, शब्दशः 'वरचं आणि खालचं वेगळं'. खालचं म्हणजे रूळ, पूल, स्टेशनं फुकुशिमा प्रांताच्या मालकीची आणि त्यांच्या देखभालीचा भारही प्रांतावर. वरचं म्हणजे गाड्या, त्या कंपनीने चालवायच्या. नफ्यातल्या कंपनीच्या मार्गाला दुरुस्तीसाठी केंद्राची मदत मिळत नसे, 2018 मध्ये कायदा बदलून ती वाट मोकळी झाली. त्याच वर्षी काम सुरू झालं.

प्रांताने एवढा हट्ट का धरला, याचं उत्तर मिशिमा गावाजवळच्या पहिल्या पुलापाशी मिळतं. 1941 चा हा पोलादी कमानीचा पूल आणि खाली हिरवं, हलत नसलेलं पाणी. पाणी स्थिर आहे ते धरणांमुळे. जी नदी एकेकाळी आदळत धावायची तिची आता एकाखाली एक सरोवरं झाली आहेत. म्हणूनच पुलावरून जाणाऱ्या एका-दोन डब्यांचं प्रतिबिंब आरशात पडावं तसं दिसतं, आणि उन्हाळ्याच्या पहाटे थंड पाण्यावर धुकं तरंगतं. हे फोटो जगभर गेले, तैवानहून माणसं खास बघायला येऊ लागली. तादामीने तर येणाऱ्या गाडीला सगळ्यांनी हात हलवावा असा नियमच गावात करून टाकला.

आयझु-वाकामात्सुहून कोइदेला जायला या गाडीने साडेचार तास लागतात. फोटो काढणारे बहुतेक त्या भानगडीत पडत नाहीत. ते मोटारीने येतात, रस्त्याकडेच्या विश्रांतीस्थळी गाडी लावतात, टेकडी चढून तिवई उभी करतात, आणि पुलावरून डबे केव्हा जाणार त्याची वेळ हातातल्या कागदावर बघत थांबतात.