घाटवाट

घाटवाट : कोकणातील सखल भाग आणि सह्याद्रीच्या माथ्यावरील देश यांना जोडणारी, कडा चढून जाणारी जुनी पाऊलवाट. नाशिकपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या घाटमाथ्यावर अशा लहानमोठ्या अनेक वाटा आहेत. काही दगडी पायऱ्यांनी बांधलेल्या आहेत, काही केवळ ओढ्याच्या पात्रातून चढतात आणि काही इतक्या अरुंद आहेत की गावकऱ्याच्या मदतीशिवाय त्यांचा आरंभही सापडत नाही. मोटारीच्या घाटरस्त्यापेक्षा घाटवाट वेगळी असते. ती माणसाच्या आणि जनावराच्या पायांनी घडलेली असून बहुधा पायथ्याच्या आणि माथ्याच्या दोन गावांमधले सर्वांत जवळचे अंतर तोडते. आज गिर्यारोहकांमुळे या वाटांची नावे सर्वदूर झाली असली, तरी त्यांना पर्यटनाची जागा मानणे अपुरे आहे. त्या मुळात गावांच्या वाटा आहेत आणि त्यांचे ज्ञानही गावांकडेच आहे.

या वाटांचा आकार खडकाने ठरवला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार तयार झाले. त्यांतील कठीण बेसाल्टाचे थर उभे तुटून कडे झाले, तर मधले ठिसूळ थर झिजून आडव्या पायऱ्या तयार झाल्या. कड्याच्या निम्म्यावर जी सपाटी लागते तिला ‘पदर’ म्हणतात. वाट डोंगराच्या खाली उतरत आलेल्या सोंडेवरून पदरापर्यंत चढते, पदरातल्या रानातून आडवी जाते आणि वरच्या कड्यात एखादी फट सापडली की तिच्यातून माथा गाठते. खडकातील भेगांवर पाणी शतकानुशतके काम करत राहिले की मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेली उभी घळ तयार होते. तिला ‘नाळ’ म्हणतात. मोहरी गावाजवळून लिंगाणा किल्ल्याच्या पायथ्याकडे उतरणारी बोराट्याची नाळ आणि तिच्या शेजारची सिंगापूर नाळ ही याची ठळक उदाहरणे होत. रतनगडाजवळच्या साम्रद गावची सांदण दरी हे याच घडणीचे टोकाचे रूप आहे. जिथे कडा सलग आहे आणि फट नाही, तिथे गावकरी लाकडी शिडी लावत आले. अशा जागेला काही भागांत ‘निसणी’ म्हणतात.

घाटवाटांचा सर्वांत जुना लेखी पुरावा नाणेघाटात आहे. मुरबाड तालुक्यातील वैशाखरे आणि जुन्नर तालुक्यातील घाटघर यांना जोडणाऱ्या या वाटेच्या माथ्याशी कोरलेल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील लेख असून तो इ. स. पू. पहिल्या शतकाच्या आसपासचा मानला जातो. त्यात राजघराण्याने केलेल्या यज्ञांची आणि त्या वेळी दिलेल्या दक्षिणेची नोंद आहे, आणि त्यातील संख्याचिन्हे भारतीय अंकांच्या इतिहासात फार महत्त्वाची ठरली आहेत. याच लेण्यात राजघराण्यातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आता त्यांच्या पायांच्या खुणा आणि वरची कोरलेली नावे एवढेच उरले आहे. वाटेच्या तोंडाशी असलेला भला मोठा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरेने सांगितले जाते. कल्याण आणि सोपारा या बंदरांतला माल याच वाटेने जुन्नरकडे आणि पुढे देशावर जाई. तिच्या रक्षणासाठी जीवधन, चावंड, हडसर आणि शिवनेरी या किल्ल्यांची साखळी उभी राहिली. घाटमाथ्यावरचा किल्ला पाहताना त्याच्या जवळून कोणती वाट उतरते हे प्रथम शोधावे; किल्ल्याच्या जागेचे कारण बहुधा तिथेच सापडते.

सतराव्या शतकात या वाटांचे लष्करी मोल उघड झाले. १६५९ मध्ये अफजलखानाचे सैन्य वाईहून जावळीच्या रानात, प्रतापगडाच्या पायथ्याच्या पार गावाकडे उतरले आणि तिथल्या अडचणीच्या प्रदेशात त्याचा निभाव लागला नाही. फेब्रुवारी १६६१ मध्ये मोगल सरदार कारतलबखान बोरघाट टाळून कुरवंडे घाटाने कोकणात उतरू लागला, तेव्हा उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्याची पुढची आणि मागची वाट एकाच वेळी रोखली, आणि मोठी फौज असूनही त्याला शरण यावे लागले. अरुंद वाटेवर संख्येचा उपयोग होत नाही, उलट तिचे ओझे होते. मढे घाटाबद्दल असे सांगितले जाते की सिंहगडावर पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचा देह याच वाटेने कोकणातल्या त्यांच्या उमरठ गावी नेण्यात आला.

लढाया क्वचितच झाल्या. रोजची वाहतूक मात्र मिठाची, सुक्या मासळीची, तांदळाची आणि धान्याची होती. ती बैलांच्या तांड्यांवर आणि माणसांच्या डोक्यावरून चाले. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे चढली, आणि बहुतेक घाटवाटांवरचा व्यापार आटत गेला. पुढे धरणे आली. मुळशी धरणाविरुद्ध १९२१ मध्ये झालेला सत्याग्रह प्रसिद्ध आहे. त्या जलाशयाखाली मावळातली गावे गेली आणि त्या गावांच्या वाटांची वरची टोकेही तुटली. तरी वाटा पूर्णपणे ओस पडल्या नाहीत. कोकणातल्या आणि घाटावरच्या वाड्यांमध्ये सोयरिकी होत्या, देवस्थाने एक होती. महाशिवरात्रीला कर्जत तालुक्यातील खांडसहून कोकणातले भाविक आजही पायी भीमाशंकर गाठतात. खांडसहून दोन वाटा निघतात : लांब पण सोपा गणपती घाट आणि जवळचा पण शिड्यांचा, खड्या चढणीचा शिडी घाट. दोन्ही पदरगडाजवळच्या पदरात एकत्र येतात. घाटवाटेची रचना एका दिवसात समजून घ्यायची असेल, तर याहून चांगली जागा क्वचितच सापडेल.

वाटेकडेचे रान चढणीगणिक बदलते. पायथ्याशी साग आणि ऐन, पदरात दाट मिश्र झाडी, माथ्यावर जांभूळ, अंजन आणि हिरडा असा साधारण क्रम असतो. उतारांवर कारवी माजते. ती सात वर्षांनी एकदाच फुलते आणि तिच्या काठ्यांचे कूड, म्हणजे मातीने लिंपलेल्या भिंती, घरांना लागतात. महादेव कोळी, ठाकर, कातकरी आणि धनगर या समाजांचे जगणे या रानाशी बांधलेले आहे. जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बाळहिरड्याची, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या फळांची, तोड हे रोख उत्पन्नाचे मोठे साधन आहे. आहुप्यासारख्या गावांनी देवराया राखल्या. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले आणि शेकरूला संरक्षण मिळाले. वाटेच्या माथ्याशी वाघजाईचे ठाणे किंवा शेंदूर लावलेला दगड असतो. तिथे थांबून हात जोडल्याशिवाय जुना वाटसरू उतरत नाही.

पावसाळ्यात हाच प्रदेश धबधब्यांचा होतो. अरबी समुद्रावरून येणारे ढग कड्याला अडून माथ्यावरच रिते होतात, म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळच्याच वाईत त्याचा थोडासाच भाग पोहोचतो. माळशेजजवळचा काळू, मढे घाटाशेजारचा प्रपात आणि भिरा परिसरातील देवकुंड हे सारे या पावसाचे आहेत. नाणेघाटासारख्या ठिकाणी घळीतून वर येणारा वारा इतका जोरकस असतो की पडते पाणी तुषार होऊन पुन्हा माथ्यावर फेकले जाते.

पण धबधब्याचा काळ हा अनेक वाटांचा बंद काळ असतो, हे शहरातून येणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. नाळ म्हणजे ओढ्याचे पात्रच. वर मुसळधार झाली की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. सांदण दरीत पावसाळ्यात उतरणे म्हणूनच जिवावरचे असते. शेवाळलेला कातळ, ओढा ओलांडताना न कळणारी ओढ आणि धुक्यात हरवणारी दिशा यांमुळे दरवर्षी जीव जातात आणि प्रशासनाला काही धबधब्यांवर बंदी घालावी लागते. पावसानंतर गवत माणसाच्या उंचीचे होते आणि वाट झाकते; गुरांच्या ढोरवाटा फसवतात. फाल्गुनात पाणी संपते, उतारावरची माती-खडी (घसारा) सुटी होते, वणवे लागतात आणि आग्या मोहोळांजवळ मोठा आवाज किंवा धूर करणे धोक्याचे असते. अनोळखी घाटवाटेसाठी मार्गशीर्ष ते माघ हा काळ सर्वांत भरवशाचा. त्याही काळात गावातला वाटाड्या सोबत घ्यावा आणि त्याला योग्य मोबदला द्यावा. झाडावर किंवा दगडावर रंगवलेले बाण त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

वाट टिकते ती वापराने. वाडीपर्यंत एस.टी. आली, तरुण कामासाठी पनवेल-पुण्याला गेले, की दोन-चार पावसाळ्यांत कारवी आणि करवंदीची जाळी वाट गिळतात, दरडी कोसळून पायऱ्या पुरल्या जातात आणि गावातले एखादे वृद्ध सोडले तर कोणाला तिचा माग सांगता येत नाही. गेल्या काही दशकांत गिर्यारोहकांनी अशा कित्येक वाटा गावकऱ्यांना विचारून पुन्हा चालल्या आणि त्यांच्या नोंदी केल्या. ज्या थोड्या वाटा प्रसिद्ध झाल्या त्यांवर मात्र सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात, आणि पदरातल्या झऱ्यांशी प्लॅस्टिकचे ढीग साठतात. अभयारण्यातील वाटांना वनखात्याचे नियम लागू आहेत आणि मुक्कामासाठी परवानगी लागते. उरलेल्या बहुतेक वाटांची देखरेख पायथ्याच्या आणि माथ्याच्या वाड्याच करतात, पावसाळ्यानंतर गवत कापून आणि ढासळलेले दगड पुन्हा रचून.