शाळेचा पैसा कोणत्या वाटेने येतो?

राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी, असे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात तोच आकडा पुन्हा आला. मधल्या ५४ वर्षांत भारत एकदाही तिथवर पोहोचला नाही, याची खंत वाटायलाच हवी. पण शेजाऱ्यांकडे पाहिले की कळते, नुसत्या टक्केवारीवरून फार थोडे समजते.

श्रीलंकेचेच पाहा. स्वातंत्र्याला तीन वर्षे बाकी असताना, १९४५ मध्ये, शिक्षणमंत्री सी. डब्ल्यू. डब्ल्यू. कन्नंगरा यांच्या आग्रहामुळे तिथे बालवर्गापासून विद्यापीठापर्यंतचे शिक्षण मोफत झाले. आज तो देश शिक्षणावर जीडीपीच्या २ टक्क्यांच्या आसपासच खर्च करतो, तरी साक्षरता ९० टक्क्यांच्या वर आहे. आधीच्या पिढ्यांवर केलेला खर्च अजून उपयोगी पडतो आहे.

बांगलादेशचा आकडाही जवळपास तेवढाच, पण कारण निराळे. तिथे करवसुलीच जीडीपीच्या १० टक्क्यांच्या आत राहते. अशा सरकारने करातला सहावा हिस्सा शिक्षणाला दिला, तरी जीडीपीचे २ टक्के होत नाहीत. मात्र आहे तो पैसा त्यांनी कसा वापरला, ते शिकण्याजोगे आहे. बहुतेक माध्यमिक शाळा खासगी संस्थांच्या. त्यांतल्या अनेक शाळांच्या शिक्षकांचा मूळ पगार सरकार देते, आपल्या अनुदानित शाळांसारखा. शिवाय १९९४ पासून ग्रामीण भागातल्या सहावी ते दहावीच्या मुलींना विद्यावेतन सुरू झाले. अटी तीन: ७५ टक्के हजेरी, परीक्षेत ४५ टक्के गुण आणि शालान्त परीक्षेपर्यंत लग्न नाही. विद्यावेतन मुलीच्या नावावरच्या बँक खात्यात जमा होई आणि तिची फी सरकार शाळेला देई. त्यामुळे मुलगी शाळेत यावी, हे शाळेच्याही फायद्याचे झाले. पुढे माध्यमिक शाळांत मुली मुलांपेक्षा जास्त दिसू लागल्या.

नेपाळने २०१५ च्या राज्यघटनेत शालेय शिक्षण थेट गावपालिका आणि नगरपालिकांकडे सोपवले. अशा ७५३ स्थानिक संस्था आहेत. शिक्षकांचा पगार मात्र प्रामुख्याने काठमांडूहून सशर्त अनुदान म्हणूनच येतो. जबाबदारी गावाकडे, पैशाच्या अटी राजधानीच्या. २०२३ मध्ये स्थानिक संस्थांच्या हाताखाली जायला नकार देत हजारो शिक्षक राजधानीत रस्त्यावर उतरले होते.

आपल्याकडेही असाच पेच आहे. शाळांवरचा मोठा खर्च राज्ये करतात. केंद्र प्राप्तिकरावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकर घेते, पण उपकराची रक्कम राज्यांबरोबर वाटून घेतल्या जाणाऱ्या करांत धरली जात नाही. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या केंद्रीय योजनेत बहुतेक राज्यांना केंद्राच्या ६० रुपयांमागे स्वतःचे ४० घालावे लागतात. राज्याचा हिस्सा वेळेवर निघाला नाही, की केंद्राचा पुढचा हप्ताही अडतो.

सरकार जिथे थांबते, तिथून पुढे घर पैसे भरते. युनेस्कोच्या २०२२ च्या दक्षिण आशिया अहवालानुसार बांगलादेशात शिक्षणाच्या एकूण खर्चातला सुमारे ७० टक्के भार कुटुंबांवर आहे. मोफत शिक्षणाच्या श्रीलंकेतही पालक शिकवणीची फी भरतातच, आणि ती कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.