आवाज आला, पण कधी?

समजा, हर्णै बंदरावर पहाटे आकाशातून उल्केचा जळता गोळा सर्रकन गेला. चौकशी केली तर एक म्हणतो तोफ उडाली, दुसऱ्याला मालगाडी पुलावरून गेल्यागत वाटलं, आणि एक आजी ठामपणे सांगते, "उजेड पडला तेव्हाच चुरचुरलं!" यात खोटं कोण? बहुधा कुणीच नाही.

उल्का वातावरणात शिरते ती सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने. आवाजाला एक किलोमीटर कापायलाच जवळपास तीन सेकंद लागतात. म्हणजे ती थेट डोक्यावर ३० किलोमीटर उंचीवर फुटली, तरी धडाका कानावर यायला दीड मिनिट जातं. रशियात चेल्याबिन्स्कला १५ फेब्रुवारी २०१३ रोजी लखलखाट बघायला लोक खिडकीशी गेले, धडाका दोनेक मिनिटांनी आला. मुख्यतः फुटक्या काचांनी दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली.

म्हणून उल्का किती दूर फुटली हे काढायला वेळेचा प्रश्न सर्वांत मोलाचा. पण "किती वेळाने?" विचारलं की उत्तर येतं, "लगेच." त्यापेक्षा माणसाला तेव्हा केलेलं सगळं पुन्हा करायला लावावं. पडवीतून उठला, चपला शोधल्या, खळ्यात आला, शेजाऱ्याला हाक मारली, तेवढ्यात धडाम! आपण फक्त घड्याळ लावायचं. आठवणीतल्या आकड्यापेक्षा या आकड्यावर माझा जास्त विश्वास आहे.

दिशेवर मात्र विसंबू नये. धडाका उल्केच्या लांबलचक वाटेवरून येतो, तिचा उरलेला दगड पडला तिथून नव्हे. वाटेतल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून तो मागेपुढे पोचतो, म्हणून मालगाडीसारखा घरंगळतो. त्यात सह्याद्रीच्या कड्यांचा प्रतिध्वनी.

दगड शोधायचा तर गोफणीच्या गुंड्यासारखं 'सूंऽऽ' आणि मागोमाग 'धप्प' ऐकणारा माणूस गाठावा. उल्केचा वेग तोवर पार मंदावलेला असतो आणि ती विझलेली असते. हा आवाज फक्त जवळच्यालाच ऐकू येतो.

राहिली आजी. उजेडाबरोबरचा आवाज धूमकेतूमुळे प्रसिद्ध असलेल्या खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅलेने मनाचा खेळ ठरवला होता. १९८० मध्ये भौतिकशास्त्रज्ञ कॉलिन के यांनी त्यामागे रेडिओ लहरी असाव्यात असं सुचवलं. २०१७ मध्ये आणखी एक शक्यता पुढे आली: उल्केचा प्रकाश झपाट्याने कमीजास्त होतो, त्याने सुकी पानं, केस, गडद कपडे क्षणोक्षणी किंचित तापतात आणि त्यांना चिकटलेली हवा थरथरते.

तेव्हा आजीला विचारायचं ते एवढंच: "आजी, तुम्ही झावळ्यांच्या मांडवाजवळ होतात का? आणि डोक्यावर पदर होता, की केस मोकळे होते?"