बोगद्यात हरवलेला मुलगा आणि नाहक बदनाम झालेला खेळ

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा कल्पनेतल्या साहसांचा खेळ खेळता खेळता एक पोरगा विद्यापीठाखालच्या बोगद्यात शिरला आणि गायब झाला, ही कथा चाळीसहून अधिक वर्षं फिरते आहे. घडलं ते वेगळंच.

ऑगस्ट १९७९. मिशिगन स्टेट विद्यापीठातला १६ वर्षांचा हुशार विद्यार्थी वाफेच्या पाइपांच्या बोगद्यात गेला खरा, पण खेळायला नव्हे. नैराश्यातून, जीव द्यायला. तो वाचला, ओळखीच्यांकडे लपला आणि महिन्याभरानं लुइझियानात सापडला. खेळाचा तर्क लढवला तो घरच्यांनी नेमलेल्या खाजगी गुप्तहेरानं, विल्यम डिअर यांनी. पेपरवाल्यांना तेवढंच हवं होतं. १९८४ च्या पुस्तकात डिअर यांनीच खरी हकीकत सांगितली, पण तोवर बोभाटा होऊन गेला होता.

मुळात या खेळाला बोगदा लागतच नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट पुढे नेणारा, म्हणतो, “दार बंद आहे, आतून गुरगुर येतेय. काय करता?” मग चोर, योद्धा अशी पात्रं झालेल्या बाकीच्यांची नुसती हुज्जत: चोरानं कुलूप उघडायचं की योद्ध्यानं दार फोडायचं? शेवटी योद्ध्याचाच हट्ट चालतो, वीस बाजूंच्या फाशावर नेमका एक, म्हणजे सगळ्यात वाईट आकडा, पडतो आणि सगळे खो खो हसतात. योद्धा सोडून.